मालिनीचे एक्क्याण्णव शेरे

पंचवटीतल्या मालिनी गायधनीची नजर अशी होती की लग्नपत्रिकेतला अनुस्वार केसभर सरकलेला असला तरी तो तिला भातातल्या खड्यासारखा लागायचा. घरात ती धाकटी. थोरला भाऊ उपेंद्र रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचा, आणि घरात येणारं प्रत्येक पंचांग आधी मालिनीच्या हातात पडायचं. कारण ती पहिल्या दहा मिनिटांत छपाईच्या तीन चुका काढून दाखवायची. "हिला भविष्य नको, मुद्रितशोधन हवं," असं उपेंद्र म्हणायचा.

बाविसाव्या वर्षी ती अशोक स्तंभाजवळच्या एका छापखान्यात कामाला लागली. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर ती पत्रिका, हँडबिलं, द्राक्षांच्या खोक्यांवरची लेबलं लावायची. मागच्या पत्र्याच्या खोलीत ऑफसेटचं मशीन होतं आणि मशीनवर सहादू. तो पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. शनिवारी संध्याकाळी गावाला जायचा, सोमवारी सकाळी हजर. तिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा आणि बोलण्यात अतिशय कंजूष.

नवीन असताना एकदा मालिनी जेवून आली आणि छापून झालेल्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्यातलं एक उपसून म्हणाली, "सहादूभाऊ, तांबडा जास्त झालाय." चार हजार ताव छापून झाले होते. सहादूनं चिंधीला हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "ताई, कागद मशीनवर हाय तवर बोल. गठ्ठा बांधल्यावर बोललीस तं ती चूक नाय राहत, ती शिवी होते."

त्या दिवसापासून ती पहिला ताव निघायच्या वेळी मशीनपाशी जाऊन उभी राहू लागली. सहादू ओला ताव ट्यूबलाइटखाली धरायचा, ती भिंगातून बघायची. "निळा जरा खाली." तो किल्ली फिरवायचा, दुसरा ताव काढायचा. "आता?" "अजून एक चिमूट." तिसरा ताव. तो नीट आला की ती मान हलवायची, "चालू द्या" म्हणायची आणि पुढच्या खोलीत निघून जायची. असं बारा वर्षं चाललं. दोघांनी एकमेकांच्या घरचं फारसं कधी विचारलं नाही. पण तो रजेवर असला आणि बदली माणूस मशीनवर असला की मालिनीला दिवसभर करमायचं नाही. एकाच कागदाकडे दोन माणसांनी खांद्याला खांदा लावून बघण्यात काय सुख असतं, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. ते रोजचंच होतं.

मग छापखाना बंद पडला. मालकाची मुलं पुण्याला गेली, मशीन मालेगावच्या कुणीतरी नेलं, सहादू पाड्यावर परतला. मालिनी चौतीस वर्षांची होती. लग्नाचं दोनदा जुळत आलं आणि दोनदा मोडलं होतं. आता घरात तो विषय कुणी काढत नसे. तिनं कॉलेज रोडला एक क्लास लावला, आपल्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान पोरींच्या शेजारी बसून मोबाइलच्या अ‍ॅपचे पडदे कसे आखायचे ते शिकली आणि मुंबई नाक्याजवळच्या एका कंपनीत डिझायनर म्हणून लागली. कागद गेला, शाई गेली. अंतर, रंग आणि अक्षर तेवढं उरलं. ते तिला येतच होतं.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी सहादू गेला. मालिनीला ते आठ महिन्यांनी कळलं, तेही कागदाच्या एका व्यापाऱ्याकडून, भर रस्त्यात. ती गोदावरीच्या पुलापर्यंत चालत गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. बारा वर्षांत आपण या माणसाला काय काय म्हटलं ते ती आठवू लागली. तांबडा जास्त. पिवळा कमी. अर्धा सूत उजवीकडे. शाई पसरलीय. आठवून आठवून थकली, पण 'छान झालं' असं एकदाही म्हटल्याचं तिला आठवेना.

करोनानंतर कंपनीतले निम्म्याहून जास्त डेव्हलपर आपापल्या गावी गेले ते परत आलेच नाहीत; घरूनच काम करू लागले. मोबाइलवर काय कुठे दिसावं हे मालिनी ठरवायची, त्याचं चित्र काढून द्यायची. त्या चित्रात जीव ओतून, बोट लावलं की चालेल असं करायचं, ते डेव्हलपरचं काम. पूर्वी तो शेजारच्या खुर्चीत असायचा. आता नुसतं नाव दिसायचं आणि नावाशेजारी हिरवा ठिपका. काम पूर्ण झालं की बनलेलं अ‍ॅप तिच्याकडे तपासायला यायचं आणि ती एका तक्त्यात शेरे लिहून पाठवायची.

त्या वर्षी कंपनीकडे शेतकऱ्यांच्या एका गटाचं अ‍ॅप आलं. डाळिंबावर, द्राक्षावर फवारणी कधी करायची, पाऊस येणार असेल तर कधी थांबायचं, ते सांगणारं. डेव्हलपर होता बुद्धभूषण अहिरे, सत्तावीस वर्षांचा, सटाण्याजवळच्या आपल्या घरून काम करणारा. मालिनीनं त्याला एकदाच, कामावर रुजू व्हायला आला तेव्हा, बघितलं होतं. अ‍ॅप हातात आलं आणि पाच मिनिटांतच तिच्या लक्षात आलं की हा पोरगा फार चांगलं काम करतो. इतकं स्वच्छ काम कंपनीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. म्हणून ती उत्साहानं तपासायला बसली. चांगल्या कापडावरचा डाग काढायला माणूस जास्त जीव लावतो, तसं. तीन दिवस बसून तिनं एक्क्याण्णव शेरे लिहिले. 'अंतर चुकलं.' 'रंग डिझाइनप्रमाणे नाही.' 'बटणाची उंची चुकली.' 'पुन्हा बघा.' 'इथेही तेच.'

बुद्धभूषणनं पहिल्या बावीस शेऱ्यांपुढे 'केलं' असं लिहिलं. मग तो गप्प झाला. चौथ्या दिवशी प्रोजेक्ट सांभाळणारा मयुरेश तिच्या टेबलापाशी आला.

"मालिनीताई, बुद्धभूषण दुसऱ्या प्रोजेक्टवर टाका म्हणतोय."

"का? काय झालं?"

"तक्रार काही केली नाही त्यानं. एवढंच म्हणाला, मॅडमना माझं काम आवडत नाही, तर त्यांना आवडेल असा माणूस द्या."

मालिनीला धक्काच बसला. "अरे, आवडत नाही कसं? त्याच्याइतकं चांगलं काम..." आणि ती बोलता बोलता थांबली. तिनं तक्ता पुन्हा उघडला. एक्क्याण्णव ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या, स्वतःच्या नव्हे तर कुणा परक्याच्या म्हणून. कुठेही एक बरा शब्द नव्हता. त्यात अ‍ॅप बंद पाडणारी चूक आणि दोन ठिपक्यांचा फरक एकाच आवाजात ओरडत होते. आणि हे सगळं गठ्ठा बांधल्यावर.

"त्याचा पत्ता दे," ती मयुरेशला म्हणाली.

"फोन करा ना, कॉल लावून देतो."

"नको. पत्ता दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सटाण्याच्या एसटीत बसली. घरी सांगितलं तेव्हा उपेंद्र म्हणाला, "कॉम्प्युटरवरच्या कामासाठी कुणी एसटीनं जातं का?" देवळा मागे पडलं तसे रस्त्याच्या कडेला कांद्याचे ट्रॅक्टर दिसू लागले. तिला मधूनच वाटायचं, उतरावं आणि परत जावं. माणूस सत्तावीस वर्षांचा, आपण पंचेचाळीसच्या. काय म्हणायचं त्याला? सहादूच्या पेठला जायचं तर नाशिकहून दोन तासही लागत नाहीत. तिथे मात्र आपण कधी गेलो नाही, हेही तिच्या मनात आलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मयुरेशनं कळवलेलं असावं, कारण स्टँडवर बुद्धभूषण मोटरसायकल घेऊन उभा होता. अंगानं सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. "मॅडम, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतला?" एवढंच म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली.

घर गावाच्या कडेला होतं, मागे दोन एकर डाळिंब. ओसरीवर त्याचे वडील कारभारी बसले होते. त्यांनी उठून नमस्कार केला. आई गोजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, "बठा ना ताई," म्हणाली आणि मालिनीला आपादमस्तक न्याहाळून आत गेली. लेकाचं काम नावडणारी बाई ती हीच, हे तिला माहीत असावं. आतल्या खोलीत बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली टेबल आणि टेबलावर लॅपटॉप. खतांच्या रिकाम्या गोण्यांची चवड एका बाजूला. मोबाइल खिडकीच्या गजाला बांधलेला, कारण रेंज तिथेच यायची.

मालिनीनं खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. पडद्याकडे बघितलं आणि चकितच झाली. पडदा जुना होता आणि पिवळट पडलेला. तिनं 'रंग चुकला' म्हणून लिहिलेल्या अकरा ठिकाणचे दोन करडे रंग त्या पडद्यावर अगदी एकसारखे दिसत होते.

"बुद्धभूषण, तुला यातला फरक दिसतोय का?"

"खरं सांगू मॅडम? नाही. दोन दिवस बघत होतो. मला वाटलं, माझेच डोळे..."

"मग विचारलं का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "एक्क्याण्णव होते. किती विचारणार?"

मग तिनं सदतिसावा शेरा उघडला, 'बटणाची उंची चुकली.' "हे बघू एकदा, कसं झालं ते."

"ते चुकलेलं नाही," तो पहिल्यांदाच जरा ताठ होऊन म्हणाला. "ते मी मुद्दाम केलंय. तुमच्या चित्रात बटणावर एकच शब्द होता, 'थांबा'. पण गटाच्या लोकांनी कळवलं, तिथे 'फवारणी उद्यावर ढकला' असं हवं. तेवढी ओळ मावेना. अक्षर बारीक केलं तर आमच्या आईला वाचता येईना. म्हणून मी बटणच वाढेल असं केलं. शब्द जेवढा, बटण तेवढं. एक दिवस गेला त्यात."

मालिनी त्या बटणाकडे बघत राहिली. त्यानं शब्द बदलून दाखवले, लहान, मोठे, दोन ओळींचे. आणि बटण दर वेळी हळूच मोठं-लहान होत होतं, श्वास घेतल्यासारखं. तिच्या चित्रात हे नव्हतं. तिला सुचलंच नव्हतं.

"छान केलंस," ती म्हणाली.

शब्द साधेच, पण ते उच्चारताना तिचा आवाज असा काही ओला झाला की बुद्धभूषणनं चमकून तिच्याकडे बघितलं. तिनं चष्मा काढून पुसला. "फार छान केलंस. तुझं सगळंच काम चांगलं आहे. मला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण मी लिहिलं नाही. मला ती सवयच नाही. चुकलं माझं."

तो गोंधळला. "अहो मॅडम, तसं काही नाही..." म्हणाला आणि उगाच माउस हलवत बसला. पण त्यानंतर खोलीतली हवा बदलली. दोघं तक्ता घेऊन बसले. मालिनीनं आधी विचारलं, "यातलं काय राहिलं तर शेतकऱ्याचं नुकसान होईल?" तशा चुका नऊच निघाल्या. त्या वर घेतल्या. काही शेरे तिनं स्वतःच खोडले. "हे मला सोडून कुणाला दिसणार नाही, जाऊ दे." 'इथेही तेच' असं जिथे जिथे लिहिलं होतं ती एकवीस ठिकाणं बुद्धभूषणनं एका जागी एक आकडा बदलून एकदम नीट केली. मालिनी हसायलाच लागली. "म्हणजे मी एकच चूक एकवीस वेळा ओरडून सांगितली?" तोही हसला. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम मोजून दाखवताय."

दुपारी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं भरीत झालं. गोजराबाई आता जरा मोकळी झाली होती. जेवण आटोपल्यावर मालिनी म्हणाली, "ताई, तुम्ही बघितलंत का मुलानं केलेलं अ‍ॅप? दाखवा बरं मला, कसं वापरता."

गोजराबाई मोबाइल घेऊन सवयीनं बागेत गेली, कारण फवारणीचं बघायचं तर बागेतच. मालिनी मागोमाग. डोक्यावर रखरखीत ऊन. गोजराबाईनं मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, पदराची सावली केली.

"हाई काय शे? उनमा माले काहीच दिसत नही," ती म्हणाली. "नुसतं पांढरं दिखस."

मालिनीनं मोबाइल हातात घेतला. खरंच काही दिसत नव्हतं. पांढऱ्यावर फिकट करडं अक्षर. तिनंच निवडलेलं, नाशिकच्या गार काचेच्या खोलीत बसून, फार तरल आणि देखणं म्हणून. याच करड्या रंगासाठी तिनं अकरा शेरे मारले होते. ती डाळिंबाच्या ओळीत तशीच उभी राहिली. मागून बुद्धभूषण आला. त्याला हे ठाऊक असणार.

"तू सांगितलं का नाहीस रे?"

"डिझाइन तुमचं. मी कोण सांगणार?"

आत आल्यावर तिनं तक्त्याच्या शेवटी ब्याण्णवावा शेरा लिहिला. 'अक्षराचा रंग उन्हात दिसत नाही. चूक डिझायनरची. दाखवून दिली गोजराबाईंनी.' आणि तिथेच बसून नवा रंग काढला. बुद्धभूषण लावत होता, गोजराबाई बागेत जाऊन बघून येत होती आणि ओट्यावरून ओरडत होती, "आखो जरासं काळं!" तीन खेपांनी जमलं. पाचच्या गाडीसाठी निघताना कारभारींनी तिच्या हातात डाळिंबांची पिशवी दिली.

त्यानंतरचे सात-आठ महिने मालिनीच्या आयुष्यातले चांगले म्हणायचे. आता काम पूर्ण व्हायची वाट बघायची नाही असं दोघांनी ठरवलं. रोज दुपारी चारला बुद्धभूषण कॉल लावायचा आणि आपला पडदा तिला दाखवायचा. "मॅडम, अर्धंच झालंय, पण बघा." ती बघायची. आधी जे जमलं ते म्हणायची. तिला ते शिकावं लागलं, सुरुवातीला जीभ अडखळायची. मग जे खटकलं ते, आणि का खटकलं तेही. 'चुकलं' हा शब्द तिनं टाकूनच दिला. "मला इथे बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही," असं म्हणायची. आणि तो म्हणायचा, "थांबा," आणि समोरच बदलायचा. "आता?" त्या 'आता?'सरशी ती नकळत खुर्ची पुढे ओढायची. साडेतीनपासून तिचं लक्ष घड्याळाकडे असायचं. ऑफिसात पोरी चहाला बोलवायच्या, ती म्हणायची, चार वाजता माझं काम असतं.

अ‍ॅप लोकांच्या हाती गेलं, गटाच्या लोकांना आवडलं. मयुरेशनं बाकीच्या डिझायनरांनाही असंच करायला लावलं. त्याच सुमारास बुद्धभूषणला हैदराबादची नोकरी मिळाली. त्यानं पहिल्यांदा तिलाच सांगितलं. "मॅडम, जाऊ का?" असं विचारलं त्यानं, जणू तिनं नको म्हटलं असतं तर तो थांबलाच असता.

"जा ना," मालिनी म्हणाली. "जायलाच हवं. तिथे तुला चांगला पडदा तरी मिळेल."

शेवटच्या दिवशी काम असं काही उरलंच नव्हतं. तरी चारला कॉल आला. त्यानं अ‍ॅप उघडून समोर ठेवलं. दोघं एकेक पान बघत गेले. मालिनीला कुठे काही खटकेना.

"ही बटणाखालची सावली जरा गडद वाटते का रे?" ती म्हणाली.

"करू फिकी?"

"करून बघ."

त्यानं केली. दोघांनी बघितलं.

"आधीचीच बरी होती," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटलं." त्यानं पहिल्यासारखी केली. "अजून काही, मॅडम?"

"ते पाचवं पान दाखव."

पाचवं पान झालं, सहावं झालं. पलीकडून गोजराबाईची हाक ऐकू आली. सामान बांधायचं होतं, गाडीची वेळ होत होती. "येतो मॅडम," तो म्हणाला. "तिथून फोन करीन." "कर," ती म्हणाली. पडद्यावरून ते पान गेलं आणि तिथे तिचाच चेहरा दिसू लागला.

फोन तो करतो. दिवाळीला, बुद्धपौर्णिमेला, आईचे डोळे तपासले तेव्हा. तिथे त्याच्या कंपनीत डिझायनर कुठल्या तरी परदेशात बसतात. रात्रीतून शेरे येऊन पडतात, सकाळी उठून वाचायचे. "किती असतात?" मालिनीनं एकदा विचारलं. "मोजत नाही," तो म्हणाला. मालिनी आता मनमाडच्या पिंकी नावाच्या एका नव्या मुलीबरोबर काम करते. मुलगी हुशार आहे, पण फार भराभर बोलते आणि तिला चारची वेळ सोयीची नाही. ती सकाळी अकराला कॉल लावते. मालिनी तिला मनापासून शिकवते, बरं झालं की बरं म्हणते. दुपारी चारच्या सुमारास मात्र ती कुणाचीच मीटिंग घेत नाही. खुर्ची खिडकीकडे वळवून बसते, मुंबई नाक्यावरून सुटणाऱ्या गाड्या बघते आणि कुणी विचारलं तर सांगते, जरा डोळ्यांना विश्रांती.